पस्तीसचा हट्ट आणि तेहतीसचा हिशेब

डेन्व्हर, कोलोरॅडो
ऑक्टोबर, दिवाळीच्या आधी

ती. आप्पा आणि ती. आईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र लिहायला हिला काय झालं, असं तुम्हाला वाटेल. व्हिडिओ कॉलवर तुमचे चिरंजीव चौकटीत अर्धे तरी असतातच आणि हे पत्र त्यांच्याविषयी आहे. टपालाने पाठवलं तर पोचेपर्यंत हिवाळा निम्मा सरेल, म्हणून फोटो काढून वन्संच्या फोनवर पाठवते आहे. त्या वाचून दाखवतील.

इकडे सगळे खुशाल. थोरल्याला शिकाऊ परवाना मिळाला, धाकटीचा दात पडला आणि गाडीला टायर घ्यायचेत. पहिल्या दोन बातम्या एका जेवणात आटोपल्या. तिसरीवर अजून चर्चा चालू आहे.

गाडी तुम्ही फोटोत पाहिली आहे. फोर्डची एफ-१५०, सेकंडहँड, मागे मोठा हौदा. "एवढ्या उंच गाडीत चढायचं कसं?" असं आई म्हणाल्या होत्या. कंपनी ती एवढी उंच देत नाही. आधीच्या मालकाने चार इंचांचं लिफ्ट किट बसवून ती उचलून घेतली आहे. इकडे ही हौस घरोघर. १९७७पासून अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारे पिकअप या एफ मालिकेतलेच, त्यामुळे ते उचलण्याचं, फुगवण्याचं आणि त्यांना दिवे लावण्याचं सामान हवं तेवढं मिळतं. आपण गाडी घेतली ती गणपतीत मंडळाचे ढोल आणि मखर न्यायला. पण गणपती वर्षातून एकदाच येतात. उरलेल्या वर्षाचं समर्थन म्हणून डोंगर, बर्फ आणि कॅम्पिंग पुढे करण्यात आले.

आधीच्या मालकाने गाडी उचलली, पण टायर कंपनीच्या मापाचेच ठेवले, आणि आता ते गोटा झालेत. म्हणजे घ्यायला हवेत याबद्दल वाद नाही. आय-७० महामार्गावर मॉरिसन ते डॉटसेरो या डोंगरातल्या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे वेगळा कायदा असतो: टायरची नक्षी किमान ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर खोल हवी. आमची नक्षी आता बोटाला लागत नाही. वाद आहे तो मापाचा.

तुमच्या वेळी आगारात ९.००-२० म्हटलं की विषय संपायचा. रुंदी नऊ इंच, रिम वीस इंच. आमच्या टायरवर लिहिलंय २७५/६५आर१८. यातले २७५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, त्या रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल. आणि १८ म्हणजे रिम, इंचांत. एका ओळीत तीन पद्धतींची मापं कोंबून हे लोक मोकळे झालेत. रुंदीचे ६५ टक्के काढायचे, दुप्पट करायचे, २५.४ने भागायचे, रिम मिळवायची, की टायरची उंची निघते ३२.१ इंच. मी हे सगळं भाजीच्या यादीमागे करून दुकानात गेले, तर तिथला मुलगा म्हणतो, "तेहतीस की पस्तीस?" बोलताना सगळे सरळ इंचांतच बोलतात. ३५×१२.५०आर१७ असं छापलेले टायरही मिळतात: उंची पस्तीस, रुंदी साडेबारा, रिम सतरा. आणि पट्टी लावून पाहिली तर पस्तीसवाले बहुतेक पस्तीस भरतच नाहीत, थोडे कमीच असतात.

घरात आता दोन पक्ष आहेत. चिरंजीव आणि नातू पस्तीसवाले. मी तेहतीसवाली. धाकटी तटस्थ आहे, तिला गाडी गुलाबी हवी आहे.

पस्तीसवाल्यांचं म्हणणं असं की, उचललेल्या गाडीखाली कंपनीचे टायर म्हणजे काटकुळ्या पायांचा पैलवान. "पस्तीस लावले की गाडी भरल्यासारखी दिसते," चिरंजीव म्हणाले.

"कुणाला?"

"समोरून येणाऱ्याला."

समोरून येणाऱ्याला बरं दिसावं म्हणून पैसे आपण का भरायचे, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मग दगडधोंड्यांचा मुद्दा निघाला. गाडी चार इंच उचललेली आहे, तिला शोभेल असा टायर हवा, म्हणजे खालून काही लागणार नाही. मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन गाडीखाली शिरले. आप्पा, तुम्हाला हे सांगायला नको, पण चिरंजिवांना सांगावं लागलं: मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा असतो आणि मागच्या बाजूला दगड लागतो तो त्यालाच. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, चॅसी वर जाते, किंमत वर जाते. तो गोळा होता तिथेच राहतो, कारण ॲक्सल चाकांवर उभा असतो, किटवर नाही. त्याला वर नेतो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या उंचीच्या निम्माच. पस्तीसने गोळा दीड इंचही चढत नाही. तेहतीसने जेमतेम अर्धा इंच. म्हणजे सगळं भांडण एका इंचाच्या आतलं आहे. मी खालून हे ओरडून सांगितलं. वरून "बरं बरं" एवढंच आलं.

याच दीड इंचाचा दुसरा हिशेब गॅरेजमध्ये होतो. आमच्या गॅरेजचं दार सात फुटी. उचललेल्या गाडीच्या टपावर आता पावणेतीन इंच मोकळे राहतात. पस्तीस लावले तर सव्वा उरेल. टपावर बर्फ साचला की गाडी रात्रभर बाहेर.

आता वेगाचं ऐका. स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, चाक केवढं आहे ते त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ३२.१च्या जागी ३५ लावले की काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ मैलांनी पळत असते. पोलिसाला हे गणित समजावण्याची माझी तयारी नाही. गाडीच्या संगणकात नवं माप भरून हे दुरुस्त करता येतं. पण चिरंजिवांना त्यातही फायदा दिसला: गाडी १०० मैल चालली तर नोंद ९२चीच होईल, विकताना भाव येईल! मी म्हटलं, मग ऑइल बदलायची वेळही उशिरा कळेल, आणि ॲव्हरेज काढाल तेव्हा खरं पडलंय त्याहूनही खाली दिसेल, ते वेगळंच. हा मुद्दा त्यांनी न बोलता मागे घेतला.

मोठा टायर म्हणजे न विचारता बदललेला गिअर. आमच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.५५ आहे. पस्तीस लावले की ते ३.२६ असल्यासारखं वागणार. खंबाटकीत भरलेली बस वर काढण्यात तुमचं आयुष्य गेलं, तुम्हाला याचा अर्थ कळतो. इथे डेन्व्हरच मुळात ५,२८० फुटांवर, आणि पलीकडे जायचं तर ११ हजार फुटांवरचा आयसेनहॉवर बोगदा. त्या चढावर गाडी सारखी वरखाली गिअर शोधत बसते. उपाय आहे, ४.१०चे गिअर घालायचे. पण गाडी फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलमध्ये घालायचे. टायरापेक्षा गिअर महाग. शिवाय पस्तीसचा जाड टायर रिमशिवायच साठ पौंडांवर, सत्तावीस किलोंच्या पुढे जातो. असे चार फिरवायचे आणि चार थांबवायचे. ब्रेक मात्र तेच राहणार, जुने.

रिमचं प्रकरण वेगळं रंगलं. नातवाला बावीस इंची रिम हवी आहे, चकचकीत. मी त्याच्याकडूनच वजाबाकी करून घेतली. पस्तीसमधून बावीस गेले, निम्मे केले, भिंतीला उरलं साडेसहा इंच रबर. सतराच्या रिमला उरतं नऊ इंच. खड्ड्यातला आणि दगडातला दणका रबर खातं. ते कमी केलं की दणका रिम खाते, आणि रिम वाकली की पैसे आपले. तरीही रिम जेवढी मोठी तेवढा मालक मोठा, अशी इकडे समजूत आहे. समोरच्या घरी सदतीसचे टायर लावलेला पिकअप आहे. तो डांबर सोडून कधी खाली उतरलेला मी पाहिला नाही. दर रविवारी धुतला मात्र जातो.

मग मंडळातल्या एकाने त्याच्या जुन्या शेव्हरोले सिल्व्हराडोच्या रिम निम्म्या किमतीत देऊ केल्या. चिरंजीव मोजून आले: "सहा भोकं, आपलेही सहा नट! जुळलं!" नाही जुळलं. फोर्डचे नट १३५ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, शेव्हरोलेचे १३९.७च्या. मधलं भोकही त्यांचं ७८.१ आणि आपला हब ८७.१. पत्रिका पाहून लग्न मोडणारे लोक आपण, आणि इथे भोकं मोजून ठरवत होतो! रिम मित्राकडे परत गेल्या, मैत्री टिकली.

ऑफसेट हा शब्द तर आता जेवताना निषिद्ध केला आहे. चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसतं, तो ऑफसेट. कंपनीचं चाक ४४ मिलिमीटर आत बसतं. चिरंजिवांना शून्य ऑफसेटची रिम आवडली, म्हणजे चाक मडगार्डच्या बाहेर डोकावणार. बाहेर आलेलं चाक वळताना मोठा घेर घेतं. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर पुढे बंपरच्या कोपऱ्याला आणि मागे मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासतो. त्यावर उपाय म्हणजे ते प्लॅस्टिक कापायचं. बेअरिंगवर ताण वाढतो, चिखल थेट दारावर उडतो. दार कोण पुसतं ते आईंना माहीत आहे.

आणखी एक, लोड रेंज ई. म्हणजे दहा प्लायच्या ताकदीचा, ८० पीएसआयपर्यंत हवा घेणारा टायर. त्यावर १२१ असा आकडा असला तर एकेक टायर १,४५० किलो पेलतो. चार मिळून ५,८०० किलो. आमच्याकडे ढोल आहेत, ताशे आहेत, मखर आहे, कॅम्पिंगचा तंबू आहे, आणि हे सगळं घालून वर मंडळाची कार्यकारिणी बसवली तरी तेवढं भरत नाही. जड ट्रेलर ओढणाऱ्याला ई हवाच. रिकाम्या हौद्याला तो लावला की प्रत्येक सांधा कमरेत जाणवतो. तुम्हाला लाल डब्याची सवय आहे. आईंच्या कमरेला नाही, आणि त्या उन्हाळ्यात येणार आहेत.

तर माझा निकाल असा. माप २७५/७०आर१८. उंची ३३.२ इंच. रिम आहेत त्याच राहतील, नट-भोकांचा प्रश्नच नाही. वेगातला फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. गिअर बदलायला नकोत, प्लॅस्टिक कापायला नको, गॅरेजचं दार सुरक्षित. नक्षी ऑल-टेरेन, आणि भिंतीवर तीन शिखरांमध्ये हिमकण असलेली खूण, म्हणजे बर्फाची चाचणी पार केलेला टायर. लोड साधा. बनवल्याची तारीख भिंतीवरच असते, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ती पाहूनच घेईन. नट १५० फूट-पौंडांवर आवळून, पन्नास-शंभर मैलांनी पुन्हा तपासायचे, हेही लिहून ठेवलंय. उरलेल्या पैशांत गाडीला दोन्ही बाजूंनी पायऱ्या बसवायच्या, म्हणजे आई सन्मानाने चढतील.

राहिली स्टेपनी. हौद्याखालची तिची जागा कंपनीच्या मापाची. तेहतीस तिथे बसतो. पस्तीस दाटीवाटीने बसला तर बसला, नाहीतर हौद्यात ठेवायचा, मग ढोल कुठे ठेवायचे? आणि जुनीच स्टेपनी ठेवली तर एक चाक तीन इंचांनी बुटकं. बर्फात चारही चाकांची ड्राइव्ह लावून तसं चालवलं तर डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस दोन्ही धोक्यात. पस्तीसवाल्यांनी पाचव्या टायरचा हिशेब धरलेलाच नाही. पाच मिळून दोन हजार डॉलरच्या आसपास जातात. रुपयांत मांडत बसू नका, रक्तदाब आहे तुम्हाला.

आप्पा, त्यांनी शनिवारी दुकानात वेळ घेतली आहे. माझं ऐकणार नाहीत, पण जन्मभर एसटीचे टायर तपासलेल्या माणसाचं ऐकतील. तुमच्या शनिवारी सकाळी फोन करा, तेव्हा इथे शुक्रवारची रात्र असेल. माझं पत्र आलं हे सांगू नका. तब्येत विचारा, नातवंडांची चौकशी करा, आणि मग सहज विचारल्यासारखं एवढंच विचारा: "स्टेपनीचं काय केलंस?"

पुढचं मी बघते.

तुमची सून