विकत घेतलेल्या, पण विकल्या न गेलेल्या वस्तूबद्दल

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
कोणतीही मोठी व्हिडिओ गेम कंपनी.

विषय : ‘विकत घ्या’ या बटणाचा अर्थ लेखी कळवण्याबाबत.

महोदय,

व्हिडिओ गेम ही विकत घेऊन घरी ठेवायची वस्तू होती, त्याला फार काळ लोटलेला नाही. 1990च्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि गावोगावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत टीव्हीला जोडायचा गेम मिळे. त्याच्या कॅसेटवर ‘9999999 इन 1’ असे छापलेले असे आणि आत मारिओ, काँट्रा असे मोजकेच गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. माल नकली होता, आकडा तर धडधडीत खोटा. पण कॅसेट घरात राही. अडली की तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. चोरीच्या मालावर ग्राहकाची तेव्हा जेवढी मालकी होती, तेवढी आज रीतसर बिल असलेल्या मालावर नाही. या प्रगतीबद्दल उद्योगाचे अभिनंदन करणे प्राप्त आहे.

प्रगतीचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे युबिसॉफ्टचा ‘द क्रू’. मोटार शर्यतीचा हा गेम डिसेंबर 2014 मध्ये आला. अख्खी अमेरिका त्यात छोट्या प्रमाणावर उभी केली होती. पूर्व किनाऱ्यावरून निघालेली गाडी पश्चिम किनाऱ्यापर्यंत हाकता येई. गेम एकट्याने खेळता येत होता, मात्र तेव्हाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी सुटून चालत नसे. डिसेंबर 2023 मध्ये विक्री थांबली आणि 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद झाले. मार्चअखेर खाती मिटवण्याची शिस्त सरकारी कारकुनालाही हेवा वाटावा अशी. दुसऱ्या दिवशी डिस्क कपाटात होती, यंत्र चालू होते, गाडी मात्र निघत नव्हती. पुढे काही दिवसांतच ग्राहकांच्या खात्यांतून गेमचा परवानाही काढून घेण्यात आला. चालत नसलेली वस्तूसुद्धा कोणाकडे चुकून राहू नये, ही ती काळजी.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ग्राहकांनी दावा लावला. कंपनीचे म्हणणे असे की ग्राहकाला गेमची मालकी कधी दिलीच नव्हती. पैसे घेतले ते वापराच्या मर्यादित परवान्याचे. कायद्याच्या भाषेत यात नवीन काही नाही, सॉफ्टवेअर बहुधा परवान्यावरच दिले जाते. फरक इतकाच की पूर्वी तो परवाना कागदावर राही आणि कॅसेट हातात. आता परवाना मागे घेणारा हात थेट ग्राहकाच्या कपाटात पोचतो. मुंबईत पागडीच्या खोलीतून भाडेकरू काढायचा तर घरमालकाच्या दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. कुळालाही कायद्याने संरक्षण दिले. डिजिटल कुळाची जमीन मात्र एका अद्ययावतीकरणात नाहीशी होते, आणि तिचा सातबारा मुळातच त्याच्या नावावर नसतो.

सर्व्हर कायम चालवणे परवडत नाही, हे उद्योगाचे उत्तर रास्त आहे. कोणी तशी मागणीही केलेली नाही. ‘द क्रू’च्या निमित्ताने रॉस स्कॉट यांनी एप्रिल 2024 मध्ये सुरू केलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेची मागणी इतकीच आहे की सर्व्हर बंद करताना गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडावा. युरोपीय संघातील या मोहिमेच्या नागरिक-निवेदनावर जुलै 2025 पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यावर युरोपातील गेम कंपन्यांच्या संघटनेने कळवले की असे बंधन आले तर गेम बनवणेच फार महाग होईल. दरम्यान युबिसॉफ्टने ‘द क्रू 2’ला इंटरनेटविना चालण्याची सोय जाहीर केली आणि 2025 मध्ये ती दिलीही. जे फार महाग म्हणून सांगितले जात होते, ते ओरड झाल्यावर जमले. पहिल्या भागाची डिस्क मात्र अजून चहाचा कप ठेवायच्या कामाची आहे.

‘विकत’ या शब्दाची बाकीची झीज आधीपासूनच चालू होती. एप्रिल 2006 मध्ये बेथेस्डाने ‘ऑब्लिव्हियन’ या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत काढले, किंमत अडीच डॉलर. घोडा गेमबरोबर आलेला, त्याचे कपडे वेगळे. लोक हसले, आणि लोकांनी घेतलेही. उद्योगाने त्यातली दुसरी गोष्ट तेवढी लक्षात ठेवली.

पुढची पायरी ‘लूट बॉक्स’. ज्यांनी जत्रेत सोरट पाहिले आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको: पैसे द्यायचे, चिठ्ठी उचलायची, कंगवा निघतो. नोव्हेंबर 2017 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2’मध्ये पूर्ण किंमत मोजलेल्या ग्राहकालाही डार्थ व्हेडर हे पात्र हाती येण्यासाठी 60,000 क्रेडिट जमवावे लागणार होते, खेळाडूंनी हिशेब मांडला तो सुमारे 40 तासांचा निघाला. घाई असलेल्यांसाठी सोरट होतेच. बोंबाबोंब झाल्यावर गेम बाजारात येण्यापूर्वीच तो आकडा 75 टक्क्यांनी खाली आला. एप्रिल 2018 मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामकाने अशा पेट्यांना जुगार ठरवले. ही तुलना सोरटवाल्यावर थोडी अन्याय करणारी आहे. तो निदान पोराच्या हाती कंगवा तरी देई.

अर्धवट माल विकण्याची कलाही याच काळात पूर्णत्वाला गेली. ‘सायबरपंक 2077’ 10 डिसेंबर 2020 रोजी आला आणि आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला, कारण प्लेस्टेशन 4वर तो धड चालत नव्हता. परत दुकानात यायला जून 2021 उजाडला. पुढे बऱ्याच मेहनतीने तो चांगला झाला, हे मान्य केले पाहिजे. पण हॉटेलात कच्ची भाकरी पुढे ठेवून उरलेली भाजून पुढच्या वर्षी मिळेल असे सांगण्याची सोय अजून दुसऱ्या धंद्याला लाभलेली नाही. ‘निन्टेंडो स्विच 2’च्या काही कार्ड्सवर तर गेम नसतोच, तो उतरवून घ्यायची किल्ली असते. किल्ली ग्राहकाच्या घरी, तिजोरी कंपनीच्या.

गेमला जो नियम तोच तो बनवणाऱ्यांना. ऑक्टोबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने 68.7 अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली आणि जानेवारी 2024 मध्ये गेम विभागातील 1,900 जणांना घरी पाठवले. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने टँगो गेमवर्क्स हा जपानी स्टुडिओ बंद केला. आदल्या वर्षी आलेल्या त्याच्या ‘हाय-फाय रश’चे सर्वत्र कौतुक झाले होते; कौतुकाने वाचण्याची पद्धत या उद्योगात नाही. नंतर कोरियाच्या क्राफ्टनने तो स्टुडिओ घेतला, म्हणून नाव तरी टिकले. महाराष्ट्रालाही याची झळ आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टने पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिल्याचे सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर केले. जानेवारी 2021ची तारीख टळली, नंतरचीही टळली आणि मे 2022 मध्ये काम माँट्रियलला गेले. तारीख ठरवणारे आणि तिच्यासाठी शिव्या खाणारे एकाच इमारतीत बसतातच असे नाही.

हे सारे अपरिहार्य आहे, असे मानण्यात एक छोटी अडचण आहे. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला ‘स्टार्ड्यू व्हॅली’ 2016 मध्ये आला. त्यात त्याने वर्षानुवर्षे भर घातली आणि जुन्या ग्राहकाकडून वर एक पैसा घेतला नाही. तो इंटरनेटशिवायही चालतो. हे उदाहरण पसरू नये याची उद्योगाने काळजी घ्यावी.

सबब विनंती अशी. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल आणि तसे त्याला स्पष्ट सांगितलेले नसेल, तर डिजिटल दुकानाला ‘विकत घ्या’ असे शब्द वापरता येत नाहीत. भारतात ज्या गेमसाठी चार-पाच हजार रुपये घेतले जातात, त्याच्या बटणावरही तेवढेच खरे लिहावे: ‘सर्व्हर चालेल तोवर भाड्याने’. आणि तो कोणत्या तारखेपर्यंत चालेल, ती तारीख किमतीशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी.

कळावे,
आपला (परवाना मागे घेतला जाईपर्यंत),
एक ग्राहक