रोजच्या कामाला ॲडमिन नको

नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला की विंडोज ११ बरंच काही विचारतं. देश कोणता, कीबोर्ड कोणता, वाय-फाय कुठलं, जाहिरातींसाठी तुमची माहिती वापरू का. महत्त्वाचा प्रश्न मात्र विचारत नाही: कारभाराचं खातं आणि रोजच्या वापराचं खातं वेगळं ठेवायचं का? न विचारताच ते पहिल्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर करून टाकतं. बहुतेक घरांत मग दुसरं खातं कधी निघतच नाही. मुलांचा गृहपाठ, आयकराचं रिटर्न, अनोळखी ईमेलला जोडून आलेली फाइल, सगळं त्याच खात्यात उघडतं आणि पूर्ण अधिकार एका क्लिकच्या अंतरावर असतात.

हे चुकीचं आहे आणि ते चुकीचं असल्याचं या क्षेत्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक वापरकर्त्याला कामापुरतेच अधिकार द्यावेत. तरीही २००१ साली आलेलं विंडोज एक्सपी पहिल्या सेटअपमध्ये वापरणाऱ्यांची पाचपर्यंत नावं विचारायचं आणि त्या सगळ्यांना ॲडमिन करायचं. पासवर्ड एकाच्याही खात्याला नाही! त्या काळात घरोघरी व्हायरस का शिरले, याचं एक मोठं कारण इथे आहे.

२००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आलं. मोठा बदल करायचा झाला की पडदा काळवंडू लागला आणि परवानगीची चौकट येऊ लागली. लोक वैतागले, अनेकांनी ती बंदच केली, आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये हे विचारणं कमी करावं लागलं. ही चौकट आजही आहे. पण ॲडमिन खात्यात ती फक्त ‘हो की नाही’ एवढंच विचारते. तेच तेच विचारलं की माणूस वाचणं सोडतो आणि ‘हो’ दाबतो. साध्या खात्यात तीच चौकट ॲडमिनचा पासवर्ड मागते. पासवर्ड टाइप करावा लागला की हात थांबतो, आणि ज्याला तो माहीत नाही त्याचा तर थांबतोच. माझा सगळा आग्रह या थांबण्यासाठी आहे.

डेबियन लिनक्सचा इन्स्टॉलर मला यात सर्वांत सरळ वाटतो. तो रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड ठरवायला सांगतो आणि मग रोजच्या वापरासाठी वेगळं साधं खातं काढून घेतो. रूटचा पासवर्ड रिकामा सोडला तर ते खातं बंद राहतं आणि पहिल्या वापरकर्त्याला सुडो, म्हणजे गरजेपुरते रूटचे अधिकार वापरायची सोय, मिळतं. उबुंटू २००४ पासून याच दुसऱ्या वाटेने जातं. डेबियनमध्ये काय निवडतोय हे माणसाला इन्स्टॉल करतानाच कळतं.

आपल्याकडे या निवडीपर्यंत आपण पोहोचतच नाही. दुकानातला मुलगा फॉरमॅट मारून देतो, खात्याला ‘यूजर’ किंवा दुकानाचं नाव देतो, पासवर्ड रिकामा नाहीतर १२३४. घरात हे वाईट, पण सोसायटीच्या कार्यालयात किंवा क्लासच्या ऑफिसात त्याहून वाईट, कारण तिथे इतरांचे पत्ते, फोन नंबर आणि हिशेब असतात. मशीन ताब्यात घेताना त्याला थांबवून ठेवा आणि ॲडमिनचा पासवर्ड तुमच्या हाताने टाका. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

साध्या खात्याने सगळं टळत नाही, हेही सांगायला हवं. रॅन्समवेअर आलं तर त्या खात्यातल्या तुमच्या फाइल्स ते कुलूपबंद करू शकतं, म्हणून बॅकअप लागतोच. पण अँटिव्हायरस बंद करणं, सिस्टिमच्या फाइल्स बदलणं, घरातल्या दुसऱ्याच्या खात्यात शिरणं हे त्याला इतकं सोपं राहत नाही.

लॅपटॉप जुना असेल तरी नव्याने इन्स्टॉल करायची गरज नाही. सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये एक नवं खातं काढा, त्याला पक्का पासवर्ड द्या आणि त्यालाच ॲडमिनिस्ट्रेटर करा. मग त्या नव्या खात्यातून लॉगिन करून जुन्याचा प्रकार ‘स्टँडर्ड यूजर’ करा. हा क्रम पाळला की तुमचे फोटो, कागदपत्रं, डेस्कटॉप सगळं जुन्या खात्यात जिथल्या तिथे राहतं. नव्या खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवायला माझी हरकत नाही. फक्त तो घरातल्या आणखी एका जाणत्या माणसाला ठाऊक असू द्या.