ट्यूबची पत्रिका कशी पाहावी

ॲक्रिलिक रंग घ्यायला निघण्यापूर्वी इच्छुकाने एका प्रश्नाचं उत्तर पाठ करून जावं. दुकानदार हमखास विचारतो, "काय रंगवायचंय?" प्रश्न फार खासगी आहे, पण "बघू, अजून ठरलं नाही" असं मात्र चुकूनही म्हणू नये. पहिल्या खेपेला मी तसं म्हणालो, तर त्याने वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टची बारा शेड्सची खोकी पुढे सरकवली. दुसऱ्या खेपेला घरून तयारी करून गेलो आणि जरा खाकरून म्हणालो, "एक सिरीज करतोय."

"कुठली? एक का चार?"

इथे नवशिक्याने सावध असावं. चित्रकाराची सिरीज भिंतीवर असते, ट्यूबवरची सिरीज खिशावर. आतलं रंगद्रव्य जितकं महाग, तितका हा आकडा मोठा. आकड्यांची वाटणी प्रत्येक कंपनीची वेगळी, पण चढण सगळ्यांची एकाच दिशेने. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एक म्हटलं तर हलकं दिसेल म्हणून "चार" म्हणालो आणि दोघांच्या थाळीच्या पैशात ४० मिलीचा कोबाल्ट निळा घेऊन घरी आलो.

आता शास्त्र. बाजारात हॉबी, स्टुडंट आणि आर्टिस्ट अशा तीन पायऱ्या आहेत. तिन्हींचा मूळ मसाला एकच: रंगद्रव्य, ॲक्रिलिक पॉलिमर आणि पाणी. पाणी उडून गेलं की पॉलिमरचे कण एकमेकांना चिकटतात आणि प्लॅस्टिकचा पापुद्रा तयार होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही, हे ब्रश तसाच ठेवून जेवायला गेलेल्यांना कळतं. पायरीगणिक बदलतं ते रंगद्रव्याचं प्रमाण. स्वस्त ट्यूबमध्ये ते कमी आणि खडूच्या पुडीसारखी भर जास्त. ज्यांच्या घरी रतीबाचं दूध येत होतं, त्यांना हा भाग जास्त समजावून सांगावा लागत नाही.

परीक्षा सोपी आहे. जाड कागदावर काळ्या मार्करने रेघ ओढायची आणि वर रंगाचा एक हात द्यायचा. रेघ दिसेनाशी झाली तर रंग अंगाने भरलेला. खालून डोकावत राहिली तर पाणचट. निदान पांढरा, गेरू, पिवळी माती या झाकणाऱ्या रंगांना ही परीक्षा लागू. काही उत्तम रंग जन्मतःच पारदर्शक असतात, त्यांना यात नापास करू नये. दुकानात ही परीक्षा कोणी घेऊ देत नाही. ती घरी येऊन, पैसे देऊन झाल्यावर घ्यायची असते.

ट्यूबचं पुढचं लेबल म्हणजे स्थळाचा बायोडेटा. त्यावर विश्वास ठेवून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. ट्यूब उलटी करावी आणि चष्मा वर ढकलून मागची बारीक अक्षरं वाचावीत. तिथे रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तेच तिचं गोत्र. पीबी २८ म्हणजे खरा कोबाल्ट निळा, पीआर १०८ म्हणजे कॅडमियम लाल, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम पांढरा. एकच गोत्र दिसलं तर स्थळ सरळ. एकाच ट्यूबमध्ये तीन-तीन गोत्रं निघाली, तर ती दुसऱ्या रंगात मिसळताच चिखल होण्याची तयारी ठेवावी.

पीबी २९ ची पत्रिका मात्र सवडीने वाचण्यासारखी आहे. हा अल्ट्रामरीन. पूर्वी तो बदक्शानातला लाजवर्द कुटून मिळवत. अजिंठ्याच्या चिताऱ्यालाही हे दर चुकले नव्हते: गेरू आणि पिवळी माती आसपासची, निळा मात्र डोंगर ओलांडून आलेला. म्हणजे सिरीज एक आणि सिरीज चार पाचव्या शतकातही होत्या, फक्त बिल दुसरं कोणी तरी भरत होतं. पुढे १८२४ साली फ्रान्समध्ये हा निळा कारखान्यात करून दाखवणाऱ्याला ६,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं आणि १८२८ साली ते गिमे नावाच्या गृहस्थांनी नेलं. तेव्हापासून भाव असा उतरला, की तोच अल्ट्रामरीन नीळ होऊन आमच्या आजीच्या बादलीत आला. आजोबांचं धोतर दर रविवारी पीबी २९ मध्ये बुडून निघे आणि घरात कोणाला त्याचं काही वाटत नसे.

नावापुढे 'ह्यू' असा शब्द दिसला तर समजावं, दत्तक आहे. 'कॅडमियम रेड ह्यू' म्हणजे आडनाव कॅडमियमचं, रक्त दुसरं. म्हणून नाक मुरडू नये. अलिझरिन क्रिमझनचा अस्सल वंशज, पीआर ८३, उन्हात फिकटतो. ॲक्रिलिकमध्ये त्याच्या नावाने येणारा दत्तक बहुधा जास्त टिकतो. काही घराणी अशीच तरली आहेत.

महाग तेच टिकाऊ, असंही नाही. थॅलो निळा, पीबी १५, स्वस्त आहे, पक्का आहे आणि हिंगासारखा वापरायचा आहे. ब्रशच्या टोकाला जरा जास्त लागला, की आभाळ, डोंगर, झोपडी सगळं थॅलो होतं. गेरूही तसाच, कुंडीला लावायचा रंग म्हणून कोणी विचारत नाही. पण आर्टिस्ट ग्रेडमध्येसुद्धा तो सिरीज एकमध्ये बसतो आणि उन्हाला भीक घालत नाही. निऑन रंगांचं उलट. दुकानात डोळे दिपवतात आणि भिंतीवर काही काळातच विझतात.

आमच्या पिढीला ही पत्रिका वाचायची सवयच नाही. आम्ही उंटाचं चित्र पाहिलं, की खोकं उचलायचो. दि. प. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या रंगांवर एलिमेंटरी-इंटरमिजिएट देणाऱ्या मराठी मुलांच्या किती पिढ्या झाल्या, त्याची मोजदाद नाही. हे मार्गदर्शनही तसं उंटावरूनच चाललं आहे.

गंभीर सल्ला द्यायचाच तर एवढा: बारा शेड्सचा सेट घेऊ नये. चांगल्या प्रतीच्या, एका गोत्राच्या पाच-सहा ट्यूब आणि पांढऱ्याची मोठी ट्यूब घ्यावी, कारण सगळ्यात आधी संपतो तो पांढरा. ॲक्रिलिक ओला असताना फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो, कारण ओलं पॉलिमर दुधाळ असतं. तेव्हा ओल्या रंगाकडे पाहून स्वतःचं कौतुक करू नये. आणि ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरण्याची खोड कॅडमियमच्या आधी सोडावी.

एवढं करूनही एक गोष्ट पत्रिकेत कुठेच छापलेली नसते: ही ट्यूब पिळायला हात धजेल का? माझा कोबाल्ट दोन वर्षं कपाटात पडून होता, पाहुण्यांच्या कपबशांशेजारी. आभाळ आलं की मी स्टुडंट ग्रेड घ्यायचो. समुद्र आला तरी तोच. कोबाल्टच्या लायकीचं चित्र यायचं होतं.

ते आलं गेल्या गणपतीत. मंडळाची मुलं दारात आली, "काकू, थोडा निळा आहे का?" आणि हिने कपाटातून काढून दिला. संध्याकाळी खाली उतरलो, तर मंडपाबाहेर प्लायवर हातभर अक्षरांत लिहिलेलं: 'चपला येथेच काढाव्यात'. अस्सल पीबी २८, प्रकाशात टिकण्याच्या कसोटीत पहिला वर्ग, आणि दोन हात दिलेले. शेजारचा शुभेच्छुकांचा फ्लेक्स दिवाळीपर्यंत पांढरट पडला. पाटी आजही फाटकाशी उभी आहे, उन्हापावसात, तश्शीच निळी. तिथे आता चपला कोणी काढत नाही.

यंदा मुलं आधीच येऊन सांगून गेली. "काका, 'वाहने लावू नयेत'ला लाल लागेल. मागच्यासारखाच द्या, पक्का."

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. त्याने मला ओळखलं, सिरीज चारचा ड्रॉवर अर्धा ओढला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "काय रंगवायचंय?"

या वेळी उत्तर तयार होतं. "पाटी," मी म्हणालो. "सोसायटीच्या फाटकाची."

त्याने ड्रॉवर आत ढकलला. "समोर हार्डवेअरचं दुकान आहे."