ॲडमिशनकाका

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो आणि सव्वाला ॲडमिशनकाका चपला घालतात. त्यांच्या घरात दहावीला कोणी नसतं. मुलगी लग्न होऊन वाकडला गेली, मुलगा न्यू जर्सीत. उरल्या काकू, त्यांची दहावी कधीच उरकलेली. तरी काका बॅग उचलतात.

ही जात मावळात सगळीकडे आढळते. वडगावातला नमुना तहसील कचेरीच्या आसपास दिसतो, कारण दाखले तिथे मिळतात. कामशेतचा बाजारपेठेत बसतो. तळेगावात दोन आहेत, एक गावातला आणि एक स्टेशनचा, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. मी ज्यांच्याविषयी लिहितोय ते लोणावळ्याचे. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीत गेली. खऱ्या नावानं विचारलं तर पोस्टमनही डोकं खाजवतो. ‘ॲडमिशनकाका’ म्हटलं की चिक्कीच्या दुकानातला पोऱ्या गल्ला सोडून घर दाखवायला निघतो.

बॅग रेक्झिनची आहे, रेल्वे युनियनच्या कुठल्याशा अधिवेशनात मिळालेली. आत गेल्या चार-पाच वर्षांच्या कटऑफच्या झेरॉक्स, स्टेपलर, डिंकाची बाटली, कोणाकोणाचे उरलेले पासपोर्ट फोटो आणि घडी पडून पडून फाटलेलं पुणे-लोणावळा लोकलचं वेळापत्रक. कटऑफ दर वर्षी बदलतात. वेळापत्रक काका बदलू देत नाहीत, त्यातच पेनानं दुरुस्त्या करतात.

या सगळ्याचं मूळ १९७५ सालात आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात जुन्या अकरावीची शेवटची बॅच आणि नव्या दहावीची पहिली बॅच एकदमच परीक्षेला बसली. ज्युनियर कॉलेज नावाचा प्रकार नुकताच जन्माला येत होता. तो काय आहे हे शिक्षकांनाच पुरतं कळलेलं नव्हतं. काका त्या पहिल्या दहावीतले. त्यांनी सायन्स घेतलं, कारण सायन्सच्या खिडकीपुढची रांग छोटी होती. ती छोटी का आहे हे त्यांना बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला समजलं. मग कॉमर्स, मग रेल्वेची परीक्षा, मग खिडकी. आपल्याला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं, ही उणीव ते तेव्हापासून इतरांवर भरून काढताहेत.

सल्ल्याची सुरुवात टक्क्यांपासून होते. पोरगं ‘९४’ म्हणतं आणि पेढ्याचा बॉक्स पुढे करतं. काका पेढा तोंडात टाकतात आणि वजाबाकीला बसतात. “बेस्ट ऑफ फाइव्ह धरलेत ना? सहावा विषय कुठला गळला? संस्कृत? बरं. इंटरमीजिएट ड्रॉइंगचे किती मिळाले? आणि खेळाचे? ते काढ.” पेढा संपेपर्यंत ९४ चे ८७ झालेले असतात आणि मुलाच्या आईला बॉक्स परत घ्यावासा वाटू लागतो.

मग येतो तो प्रश्न: “कुठपर्यंत जायचंय?”

पालकांना वाटतं, काका पोराची महत्त्वाकांक्षा विचारताहेत. “डॉक्टर करायचाय,” वडील घसा साफ करून सांगतात.

“स्टेशन सांगा, स्टेशन.”

शाखांविषयी काकांची मतं कोणालाही पाठ होतील अशी आहेत. नव्वदच्या वर सायन्स. नव्वदच्या खालीही सायन्सच, पण ‘बायफोकलला कॉम्प्युटर टाक’, कारण तो विषय २०० मार्कांचा, एक भाषा सुटते आणि जोडीला आणखी एक विषय. साठ-सत्तरला कॉमर्स, त्यात ‘मॅथ्स घेऊ नको, सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घे, पण मॅथ्स सोडल्याचं नंतर वाईट वाटून घेऊ नको’. आर्ट्सचं नाव काका आवाज उतरवून घेतात, घरात कोणी आजारी असावं तसं. तर्कशास्त्र नावाचा विषय अकरावीला असतो हे त्यांना माहीत आहे, पण तो घेतलेला माणूस त्यांनी पाहिलेला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

हुशार मुलासाठी खास औषध ‘पीसीएमबी’. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो, चारही ठेवायचे. “इंजिनिअरिंगही उघडं, मेडिकलही उघडं.” पुढे सीईटीचा पीसीएम ग्रुप निराळा, पीसीबी निराळा, नीट त्याहून निराळी, आणि तिन्हींचे क्लास पुण्यात हे पोराला दिवाळीपर्यंत समजतं. तोवर काका पुढच्या वर्षीच्या नववीकडे वळलेले असतात.

२०१६ पासून काही वर्षं सरकारनं त्यांच्या धंद्यात हात घातला होता. धंदा म्हणायचं एवढंच. काका कोणाकडून चहाखेरीज काही घेत नाहीत. दहावीच्या मुलांची कलचाचणी व्हायची आणि मुलाचा ओढा सात क्षेत्रांपैकी कुठे आहे ते छापून यायचं. काकांना ते मुळीच आवडलं नाही. मुलाला काय आवडतं हे मुलालाच विचारायचं, ही त्यांना परीक्षेतली कॉपी वाटली. एकदा तुंगार्लीच्या एका बंगल्यावर रखवालदारी करणारे गृहस्थ मुलाचा कागद घेऊन आले. कल निघाला होता गणवेशधारी सेवांकडे.

“चांगलं आहे की. रेल्वेतही गणवेश असतो,” काका म्हणाले.

“गनवेश आमच्याकडं बी हाये, काका,” गृहस्थ स्वतःच्या शर्टाकडे बघत म्हणाले, “पगाराचं बघा.”

एवढं वाचून काका निव्वळ गमतीचे आहेत असं कोणाला वाटेल. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं. पण तिकीट खिडकीतून त्यांनी एक गोष्ट पाहिली आहे, जी एकाही प्राचार्याला दिसत नाही. रेल्वे मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास फुकट देते. कॉलेजचा दाखला आणायचा, खिडकीवर द्यायचा. जुलैत काकांपुढे अशा दाखल्यांचा ढीग पडायचा. ऑगस्टमध्ये तेच चेहरे, सप्टेंबरमध्ये तेच. दिवाळीनंतर काही चेहरे येईनासे व्हायचे. कॉलेजच्या कागदोपत्री ते पोरगं मार्चपर्यंत ‘प्रविष्ट’ असायचं. काकांना नोव्हेंबरातच कळायचं की यानं सायन्स सोडलं. आणि सोडणारे बहुतेक कमी मार्कांचे नसायचे. ते मळवलीच्या पलीकडचे, कान्ह्याच्या पलीकडचे, स्टेशनपासून आत जीपनं किंवा एसटीनं जाणारे असायचे. प्रॅक्टिकल दुपारी, दुपारी लोकलला मोठा खंड, संध्याकाळी स्टेशनवर उतरेपर्यंत गावाकडची गाडी गेलेली. फिजिक्स त्यांना अवघड गेलं नव्हतं. फिजिक्सहून परत येणं अवघड गेलं होतं.

म्हणून ते वेळापत्रक. आणि म्हणून स्टेशनचा प्रश्न. काकांची शाखानिवड वरवर टक्क्यांवर चालते. आतून ती परतीच्या गाडीवर चालते. हे ते कबूल करत नाहीत. टक्क्यांचं बोललं की लोक ऐकतात, पासाचं बोललं की लोकांना वाटतं म्हातारा खिडकीतच राहिलाय. फुकट पासाची माहिती ही त्यांच्याकडची सगळ्यात मोलाची, आणि तीच ऐकताना पालक मोबाइल बघतात.

आंदर मावळातून, खांडीच्या बाजूहून, एक मुलगी वडिलांबरोबर आली तेव्हा मी तिथे होतो. ठोकळवाडी धरणाच्या कडेकडेनं येणारा तो रस्ता पावसात कसा असतो, हे त्या दोघांच्या पायांवरून दिसत होतं. मुलीला ८१ टक्के. काकांनी ड्रॉइंगचे काढायला घेतले, तर तिनं ड्रॉइंगची परीक्षा दिलीच नव्हती. ८१ म्हणजे ८१. इथेच काका थोडे गडबडले.

“मला एनडीएला जायचंय,” मुलगी म्हणाली.

काका हसले. खिडकीत असताना ‘आयएनएस शिवाजी’चे नौसैनिक वॉरंटवर तिकीट काढायला यायचे, नौदल १९४५ पासून लोणावळ्याच्या शेजारी आहे आणि त्यावर काका स्वतःला निम्मे ॲडमिरल समजतात. “बाळा, एनडीए मुलांचं.”

“२०२१ पासून मुलींना परीक्षा देता येते. २०२५च्या मे महिन्यात पहिल्या सतरा जणी पास होऊन बाहेर पडल्यासुद्धा.”

“मला माहितीय,” काका पापणी न हलवता म्हणाले. “तुला माहितीय का ते बघत होतो.”

मग मात्र त्यांनी बॅगेतून वेळापत्रक काढलं. सैन्यासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, नौदल आणि हवाई दलासाठी फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं, हे तिनंच सांगितलं, तेव्हा सायन्सच. काकांनी कान्ह्याच्या ओळीवर बोट ठेवलं. सकाळची लोकल, प्रॅक्टिकलची वेळ, टाकव्याहून वर जाणारी शेवटची एसटी. दोनदा बोट वर गेलं, दोनदा खाली आलं. वडिलांना विचारलं, “वडगावात पाव्हणं कोणी?” मावशी निघाली. “मग पावसाळाभर मावशीकडं. दिवाळीनंतर घरून. आणि कॉलेज तळेगावचं टाका, पुण्याचं नाही.” सगळं चार मिनिटांत. बायफोकलचं नाव नाही, पीसीएमबीचं नाव नाही. मी इतका शहाणा सल्ला त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. तो देताना त्यांना थोडं कमीपणाचं वाटत होतं, हेही दिसत होतं.

२०२५ साली काकांचा सुवर्णकाळ आला. तोवर ऑनलाइन अकरावी पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या मोठ्या शहरांची डोकेदुखी होती. मावळात कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म मिळायचा, यादी नोटीस बोर्डावर लागायची, ओळखीचे क्लार्क असायचे. त्या वर्षी सगळं राज्य एका वेबसाइटवर गेलं. पहिल्याच दिवशी वेबसाइट बसली. ती उठेपर्यंत लोणावळ्यातल्या प्रत्येक सायबरमध्ये काका उभे राहून भाषण करून आले होते. पसंतीक्रम एक ते दहा. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकायचं. हा नियम काकांनी इतक्यांदा सांगितला की सायबरवाल्याचा पोपटही म्हणाला असता.

आणि त्यांनीच तो मोडला. शेजारच्या मुलाच्या फॉर्मवर पुण्यातलं एक नामवंत कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं. “लागणार नाही रे, मान म्हणून.” ते लागलं. चौसष्ट किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं, रोज. त्या घरानं आठ दिवस काकांना दुधाच्या पिशव्याही आणू दिल्या नाहीत. नवव्या दिवशी काका पासाचा फॉर्म भरून घेऊन गेले, कॉलेजचा शिक्का सोडून सगळं त्यांनी लिहिलेलं. मुलगा आजही जातो. लोकलमध्ये झोपतो आणि शिवाजीनगरला आपोआप जागा होतो.

स्वतःच्या मुलांबाबत काकांचा हिशेब वेगळा निघाला. मुलीला कॉमर्स सांगितलं होतं, ती आर्किटेक्ट झाली. मुलाला सांगितलं होतं सिव्हिलचा डिप्लोमा कर, तळेगाव एमआयडीसीत नोकऱ्या आहेत. त्यानं कॉम्प्युटर धरला आणि समुद्र ओलांडला. काकू हे आल्यागेल्याला सांगतात, चहा ओततानाच.

आता नातू तिकडे नववीत जाणार. तिथे हायस्कूल चार वर्षांचं, आणि विषय पोरानं निवडायचे. शाळेत त्यासाठी पगारी बाई ठेवलेल्या असतात. हे ऐकून काका आधी हळहळले, मग विचारू लागले. न्यू जर्सीत हायस्कूल पुरं करायला निदान १२० क्रेडिट लागतात. इंग्रजी चारही वर्षं. व्यायामसुद्धा चारही वर्षं. पैशांचे व्यवहार शिकायचे अडीच क्रेडिट. (“म्हणजे आपलं बुक-कीपिंग,” काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच अमेरिकेविषयी त्यांचं मत सुधारलं.) बाकीच्यातलं काही आवडीनं: ट्रम्पेट, मातीची भांडी, रोबो, स्पॅनिश. रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर नातवानं विचारलं, “आजोबा, मी पॉटरी घेऊ की केमिस्ट्रीचं अवघडवालं?”

काकांनी बॅग मांडीवर ओढली. काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला. काकांनी टक्के विचारले नाहीत, ड्रॉइंगचे काढले नाहीत.

“शाळा घरापासून किती लांब?”

“तीन-चार मैल असेल.”

“जाणार कसा?”

“बस येते ना. पिवळी. दारात.”

“आणि उशीर झाला तर? प्रॅक्टिकल लांबलं तर?”

“मग लेट बस असते. तीपण सोडते.”

काका थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग घे की तुला हवा तो विषय, मला काय विचारतोस,” आणि फोन काकूंच्या हातात दिला.