बॅगवाल्याचे तज्ज्ञांस पत्र

उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या सन्माननीय तज्ज्ञ समितीस (रोग कोणताही चालेल),
जळगाव-धुळे टेरिटरीच्या एका निवृत्त एमआरचा, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीचा, सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, हल्ली लोक आपल्यावर शंका घेऊ लागले आहेत. कंपनीचे मानधन घेणाऱ्याने त्याच कंपनीच्या औषधाची शिफारस करावी का, असे खुशाल विचारतात. ज्यांच्या जिवावर मी चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, साक्री पालथे घातले त्यांच्याबद्दल असे ऐकवत नाही. म्हणून आपली बाजू मांडायला बसलो आहे.

मुळात लोकांना आमचा धंदाच कळलेला नाही. त्यांना वाटते, एमआर पेन देतो आणि डॉक्टर त्याची गोळी लिहितो. अहो, पेनावर टार्गेट पूर्ण होत असते तर आणखी काय हवे होते! तालुक्याचा डॉक्टर, बाहेर बाकावर पेशंट खोळंबलेले, मला मिळणार उभ्या उभ्या एखादे मिनिट. तेवढ्यात मी व्हिज्युअल एडचे एकच पान उघडायचो. त्यावर आपल्या गाइडलाइनचा तक्ता. बाणाखाली बाण, आणि शेवटच्या चौकटीत हिरव्या रंगात आमचे मॉलिक्यूल, म्हणजे आमचे औषध. संदर्भ तळाशी, भिंग लावून वाचावा अशा टायपात. डॉक्टरांनी माझ्याकडून कधी कपभर चहाही घेतलेला नसायचा, पण तक्ता पाहिला की मान डोलायची. काही न घेणाऱ्या माणसाकडूनही आमचे काम व्हावे, ही किमया आपल्या सहीची.

पुढे मेडिकलवर आरसीपीए करायला, म्हणजे कोण डॉक्टर काय लिहितो ते पाहायला, गेलो की चिठ्ठ्यांवर तीच गोळी दिसायची. काउंटरपाशी एखादी आजी स्ट्रिप उलटसुलट करून विचारायची, "हाई गोयी कितला दिन लेवानी, भाऊ?" मेडिकलवाला बिल फाडता फाडता सांगायचा, "कायमची, आजी."

ही 'कायमची' कुठे ठरते, ते आजीला ठाऊक नाही. ती आपल्या बैठकीत ठरते. अमेरिकेत २००४ साली कोलेस्टेरॉलच्या शिफारशी सुधारल्या, तेव्हा हृदयविकाराचा फार मोठा धोका असलेल्यांसाठी वाईट कोलेस्टेरॉल १०० ऐवजी ७० च्या खाली आणण्याचा पर्याय आला. ते लिहिणाऱ्या नऊ जणांपैकी आठांचे कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे बनवणाऱ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध होते आणि मूळ लेखात ते छापायचे राहून गेले. आता, तो आकडा पुढच्या संशोधनात बराचसा खरा ठरला, हेही सांगायला हवे. पण खरेच लिहायचे होते तर संबंध सांगायला लाज कसली, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

आपल्या मनात काळेबेरे नसते, याची मला खात्री आहे. पुरावाच आहे. टोरंटोच्या संशोधकांनी गाइडलाइन लिहिणाऱ्यांनाच विचारून २००२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. ८७ टक्क्यांचा औषध कंपन्यांशी काही ना काही संबंध होता. त्याचा स्वतःच्या शिफारशीवर परिणाम झाला असे वाटणारे निघाले ७ टक्के. सहकाऱ्यांवर झाला असेल असे वाटणारे १९! म्हणजे जो तो स्वतः स्वच्छ, घोटाळा काय तो शेजारच्या खुर्चीत.

आपल्याकडे तर एकमत व्हायला शेजारची खुर्चीही लागत नाही. नव्या औषधांना परवानगी देण्याच्या कारभारावर संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने मे २०१२ मध्ये ५९ वा अहवाल दिला. वेगवेगळ्या शहरांतल्या नामवंतांनी एकाच औषधावर दिलेली मते शब्दशः सारखी निघाली. खासदारांना त्यात औषध उत्पादकांचे 'अदृश्य हात' दिसले. मला मात्र केवढे कौतुक वाटले! धुळ्यात एकाच गल्लीतल्या दोन डॉक्टरांचे एका तापावर कधी एकमत झालेले मी पाहिले नाही.

नियमांची काळजी नको. २०२२ मध्ये एपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंवरची करसवलत नाकारली. यादीत टीव्ही, फ्रीज होते आणि सोन्याची नाणीही होती. आमच्या जळगावच्या सराफ बाजाराने ती बातमी हळहळत वाचली असणार. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कंपन्यांच्या पैशावरच्या परिषदांना डॉक्टरांनी जाऊ नये, असा नियम २ ऑगस्टला काढला आणि २३ ऑगस्टला सगळी नियमावलीच स्थगित केली. तीन आठवडे! आमच्याकडे लग्नातली हळदही अंगावर त्याहून जास्त टिकते.

मग मार्च २०२४ मध्ये औषध विपणनाची नवी संहिता आली. डॉक्टरांना द्यायची माहितीपर वस्तू हजार रुपयांच्या आत हवी. परिषदेसाठी प्रवासखर्च देऊ नये, मात्र डॉक्टर तिथे वक्ता असेल तर चालेल. हे वाचून डोळे भरून आले. म्हणजे श्रोत्यांत बसणारा तालुक्याचा डॉक्टर स्वतःच्या पैशाने येणार आणि त्याला गाइडलाइन समजावणारे आपण विमानाने. कंपनीने नियम मोडला तर तक्रार कुठे? पहिल्यांदा कंपन्यांच्याच संघटनेच्या नीतिसमितीकडे. रावेरच्या शेतकऱ्याला केळीचा भाव कमी मिळाला आणि त्याने दाद व्यापारी मंडळाकडे मागावी, तसेच हे. कुणा डॉक्टरला कोणत्या कंपनीने किती दिले, हे अमेरिकेत कुणालाही नावानिशी पाहता येते. आपल्याकडे तो चोंबडेपणा नाही.

काही घरभेदी आहेत. लासलगावला वर्षानुवर्षे प्रॅक्टिस केलेले डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरच्या ७८ डॉक्टरांना बोलते केले आणि पेशातल्या कटप्रॅक्टिसपासून कंपन्यांच्या दबावापर्यंत सगळे चव्हाट्यावर आणले. पुण्याच्या 'साथी' संस्थेसाठी अर्चना दिवटे यांच्यासोबत त्यांनी २०१९ मध्ये कंपन्यांच्या विक्रीपद्धतींवर अभ्यासही केला. अशांना समितीत घेऊ नये, ही विनंती.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्येच सुचवून ठेवले आहे की, समितीच्या अध्यक्षाचे असे हितसंबंध नसावेत आणि हितसंबंध असलेले सदस्य अल्पमतात असावेत. आपण नेहमी म्हणता तेच खरे, असे मोकळे तज्ज्ञ आणायचे कुठून? चांगले होते ते सगळे आमच्या स्पीकर लिस्टवर. उरले कोण, तर धुळ्याच्या हिरे मेडिकल कॉलेजच्या किंवा जळगावच्या सरकारी कॉलेजच्या ओपीडीत सकाळपासून पेशंट तपासणारे. कोणती गोळी लोक अर्ध्यावर सोडतात, कोणती परवडत नाही, कशाने आजीला चक्कर येते, एवढेच त्यांना ठाऊक. एवढ्याशा अनुभवावर कुठे गाइडलाइन लिहितात?

तरीही लोकांच्या समाधानासाठी हितसंबंध जाहीर करायचेच झाले, तर शेवटच्या पानावर नकोत. त्याच तक्त्यात, आमच्या मॉलिक्यूलच्या शेजारच्या चौकटीत, त्याच टायपात आणि हिरव्या रंगात छापा. डॉक्टरांच्या त्या मिनिटात तेही वाचून होईल.

आपला नम्र,
एक बॅगवाला

ता. क. : समितीची एखादी बैठक जळगावला घ्याच. हिवाळ्यात या. आसोद्याच्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी, बिल माझ्या नावावर. माणशी हजाराच्या बरेच आत बसेल, तेव्हा संहितेचाही भंग नाही. फक्त जेवणानंतर भरिताची शिफारस करू नका.