खुन्याला घाई नको

पूर्व विदर्भातल्या इटियाडोह धरणाच्या आसपासच्या नाट्यरसिकांना एक वाईट खोड आहे. दिवाळीनंतर, धान कापून झालं की ते रात्रभर मंडपात बसून झाडीपट्टीचं नाटक पाहतात आणि पहाटेपर्यंत खुनी सापडलाच पाहिजे, असा हट्ट धरतात. वडशाच्या नाटक कंपन्याही त्यांचे हे लाड पुरवतात.

संयम शिकावा तो टीव्ही वाहिन्यांकडून. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झाली. मृत्यू ही अडचण नसून भांडवल आहे, हे वेळीच ओळखलं गेलं. २०१९ मध्ये अण्णा पूर्वकथेत जिवंत, २०२१ मध्ये भूत म्हणून रुजू. अशी बढती सरकारी खात्यातही मिळत नाही! 'देवमाणूस' मालिकेने तर खुनी कोण, हे प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलं. शोधण्याचं काम एकट्या पोलिसांवर सोपवल्यामुळे २०२० चा खुनी डॉक्टर २०२५ मध्येही कामावर होता.

तेव्हा आमची नम्र सूचना. झाडीपट्टीने पहिल्या अंकात खून करावा, दुसऱ्यात प्रत्येक चेहऱ्यावर तीन-तीनदा वीज पाडावी, मध्ये एक मंगळागौर उरकावी आणि पडदा टाकून 'पुढल्या दिवाळीला या' म्हणावं. तोवर लेखकानेही खुनी ठरवू नये. सतरंज्या तिथेच राहू द्याव्यात.

हा प्रस्ताव आम्ही मंडपात मांडला. शेजारच्या आजोबांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"मंग तिकिटीचे पैसे बी पुढल्या दिवाळीलेच देऊ ना जी?"

खुनी पहाटे साडेचारला सापडला.