येरळेला आलेलं पाणी

दिवाळीत बहीण आणि दाजी पोरांना घेऊन वडूजला आले, की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चिवडाही मऊ पडतो आणि गप्पाही. तेव्हा मीच म्हणालो, “चला, जंगल दाखवतो.” आमच्या खटाव तालुक्यात जंगल म्हणजे येरळेच्या पात्रातली वेडी बाभळ. म्हणून जीप ठरवून मायणी, विटा करत देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर गाठलं.

वाटेत मी पोरांना माहिती दिली. धों. म. मोहित्यांनी ध्यास घेतला, उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावली गेली, सांबर-चितळ बाहेरून आणून सोडले आणि १९८५ साली अभयारण्य झालं. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, वर कुंपण. एवढ्या आटोपशीर जंगलात वाट चुकायला अंगात विशेष गुण लागतात. ते माझ्यात आहेत, असं बायकोचं लग्नापासूनचं मत आहे.

पाऊलवाटेवर काळ्या, चकचकीत लेंड्या दिसल्या. मी गुडघ्यावर बसलो, एक काडीनं फोडली आणि खालच्या आवाजात म्हणालो, “चितळ. तासाभरापूर्वीचं.” सगळे श्वास रोखून उभे. आईनं आयुष्यभर शेरडं राखलेली. ती वाकून म्हणाली, “आपल्या गोठ्यात रोज घमेलंभर पडत्यात की. त्याला इतकं लांब कशाला यायचं?” त्यानंतर पोरांनी कुजबुजणं सोडून दिलं. जनावरांनी त्या बाजूला फिरकणंही.

टोकावर पोचलो, तर खाली हिरवागार ऊस आणि मधून चकाकणारं रुंद पात्र. “ही आपली येरळा,” मी हात लांब करून सांगितलं.

“एवढं पाणी? येरळेला?” आईचा आवाज कापरा झाला.

“येरळवाडीचं धरण सोडलं असंल,” मी म्हणालो. दाजींनी लगेच फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. आता नदीच सापडल्यामुळं दिशेचा प्रश्न मिटला होता. तिच्या अनुरोधानं मी सगळ्यांना उतरवलं, ते थेट करवंदीच्या जाळीत. बहिणीचा पदर, पोराची टोपी आणि चकल्यांची पिशवी तिथं अडकली. पाण्याचा कॅन दाजींकडं होता. तो रिकामा झाल्याचं त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं.

शेवटी एक वनरक्षक भेटला. “पाव्हणं, ती कृष्णा. गेट मागं ऱ्हायलं.” आता येरळा पुढं ब्रह्मनाळला कृष्णेलाच मिळते. म्हणजे मी नदी चुकलो नव्हतो, थोडा घाईत होतो. हे मी जीपपर्यंत समजावत आलो, पण ऐकायला जवळ कुणी चालत नव्हतं.

जंगलात एक शेपूटसुद्धा दिसलं नाही. परतताना मात्र रस्त्याकडेच्या शाळूत पाच-सहा चितळं निवांत चरत होती आणि शेतकरी पत्र्याचा डबा बडवत बोंबलत होता. पोरं आनंदानं किंचाळली. मी जीप थांबवून खाली उतरलो.

“तुमची हायती व्हय?” त्यानं विचारलं. “मग न्या की हाकून.”